जुन्या गाडीचे गंजलेले ब्रेक पाइप घरी कसे बदलतात?

ब्रेकच्या पेडलवर दिलेला दाब चाकापर्यंत पोहोचतो तो पेन्सिलीपेक्षा बारीक नळीतून. बऱ्याच मोटारगाड्यांत या पोलादी पाइपचा बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर असतो आणि त्याची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ असते. जोरात ब्रेक दाबताना आत तयार होणारा प्रचंड दाब गंजाने पोखरलेल्या पाइपला सोसवत नाही आणि तो नेमका गरजेच्या क्षणी फुटू शकतो.

गंज कुठे लागतो?

कोकण किनाऱ्यावर खारी हवा आणि थंड देशांत रस्त्यावर टाकलेले मीठ गंजाचा वेग वाढवतात. क्लिपखाली, मागच्या ॲक्सलजवळ आणि पेट्रोल टाकीच्या वर चिखल साचून ओल टिकते. तिथे पाइपवर फुगवटे, पापुद्रे, खड्डे किंवा ओलसर डाग दिसले, तर पाइप बदलायलाच हवा. ब्रेक ऑइलची पातळी वारंवार खाली जाणे हीही खूण आहे. गाडीत दोन स्वतंत्र सर्किट असली, तरी एक निकामी झाल्यावर गाडी थांबायला बरेच जास्त अंतर लागते.

कोणता पाइप घ्यावा?

आवरण दिलेला पोलादी पाइप किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा पाइप घ्यावा. दुसरा गंजाला चांगला टिकतो आणि हाताने वळवणेही सोपे जाते. साधा तांब्याचा पाइप टाळावा. कंपनांनी तो कडक होऊन तडकू शकतो. पाइपच्या टोकाचा फुललेला आकार, म्हणजे फ्लेअर, दोन मुख्य प्रकारचा असतो: डबल आणि बबल. जुन्यासारखाच फ्लेअर आणि त्याच आट्याचे नट हवेत, नाहीतर सांधा गळतो.

काम कसे करतात?

१. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी आणि ती स्टँडवर टेकवावी. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

२. नटांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल टाकावे. नट फ्लेअर पान्याने सोडवावेत. साध्या पान्याने कडा झिजतात. नट हललाच नाही, तर पाइप कापून नटावर सहा कोनी सॉकेट बसवता येते.

३. जुना पाइप शक्यतो अखंड काढून त्याच्या मापाने नवा वळवावा. पाइप चेमटू देऊ नये. दुसऱ्या टोकाचा फ्लेअर करण्याआधी दोन्ही नट ओवायला विसरू नये.

४. नट आधी हाताने फिरवावेत, मग पान्याने आवळावेत. पाइप सायलेन्सर आणि हलत्या भागांपासून दूर ठेवून सर्व क्लिप परत लावाव्यात.

५. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचे, सीलबंद डब्यातले नवे ब्रेक ऑइल भरावे. मग हवा काढावी. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने ब्लीडर निपल उघडून बंद करायचे आणि त्यानंतरच पेडल सोडायचे. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे घ्यावा आणि टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये.

काय टाळावे?

गळका भाग कापून रबरी नळी व क्लिप लावणे, नळाच्या कामातले जोड वापरणे किंवा डाग देणे हे उपाय जिवावर बेतू शकतात. ब्रेक ऑइल रंग खराब करते. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. जुने ऑइल गटारात ओतू नये.

शेवटची तपासणी

इंजिन सुरू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरावे. पेडल हळूहळू खाली जायला नको आणि प्रत्येक सांधा कोरडा राहायला हवा. मग मोकळ्या जागी कमी वेगात ब्रेक लावून पाहावेत. पेडल मऊ लागत असेल, तर गाडी रस्त्यावर आणू नये. एबीएस असलेल्या काही गाड्यांत अडकलेली हवा काढायला स्कॅनर लागतो. तिथे, किंवा फ्लेअर करण्याचा सराव नसेल तर, हे काम गॅरेजवरच सोपवणे योग्य.