कृषी आयुक्त (महाराष्ट्र)
महाराष्ट्राच्या कृषी विभागाचे क्षेत्रीय यंत्रणाप्रमुख. पद भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याकडे, मुख्यालय पुणे. धोरण मुंबईत मंत्रालयात ठरते, ते बांधापर्यंत पोहोचवणे आयुक्तालयाचे काम. विभागीय सहसंचालक, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी आणि गावपातळीवरचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) अशी उतरंड त्यांच्या हाताखाली असते. विस्तार, फलोत्पादन, मृदसंधारण यांसाठी वेगळे संचालक असतात.

खरीप तोंडावर आला की या पदाची खरी कसोटी लागते. बियाणे व खतांच्या पुरवठ्याचे नियोजन, लिंकिंग (खतासोबत इतर उत्पादने घेण्याची सक्ती) आणि साठेबाजीला आळा, भरारी पथके, नमुन्यांची तपासणी ही कामे एकाच वेळी अंगावर येतात. कारवाईचा आधार बियाणे अधिनियम (१९६६), कीटकनाशके अधिनियम (१९६८) व खत नियंत्रण आदेश (१९८५). पेरणीचे अहवाल आणि पीक कापणी प्रयोगही याच यंत्रणेच्या देखरेखीखाली होतात. पीकविम्याची भरपाई या प्रयोगांच्या उत्पादन-आकड्यांवर अवलंबून असल्याने हे कागदी वाटणारे काम सर्वांत वादग्रस्त ठरते.

बाजारभावाचा किंवा कृषी संशोधनाचा जाब मात्र अनेकदा चुकीच्या दारी विचारला जातो: बाजार समित्या पणन संचालकांच्या अखत्यारीत येतात, तर राज्यातील चारही कृषी विद्यापीठे स्वायत्त आहेत.