अमेरिकन फुटबॉल : तीन वर्षांचा बँड

नावावरून खेळ वाटेल, पण ही ओळख आहे अमेरिकेतील एका बँडची. 'अमेरिकन फुटबॉल' हा इमो बँड १९९७ मध्ये इलिनॉय राज्यातील अर्बाना या विद्यापीठाच्या गावी सुरू झाला आणि २००० मध्ये थांबला. या काळात त्यांची तीन गाण्यांची एक छोटी ध्वनिमुद्रिका (१९९८) आणि एक अल्बम (१९९९) एवढेच प्रसिद्ध झाले. घरातील मुलांच्या तोंडी 'इमो' हा शब्द येत असेल, तर त्यामागचे संगीत समजून घ्यायला हा बँड चांगला आहे, असे आम्हांला वाटते.

इमो म्हणजे काय?
१९८० च्या दशकाच्या मध्यास वॉशिंग्टन शहरातील हार्डकोर पंक संगीतातून ही शाखा फुटली. वेग आणि गोंगाट तोच, पण घोषणांच्या जागी गाणाऱ्याचे स्वतःचे दुःख आले. 'इमोशनल' या शब्दावरून 'इमो' हे नाव पडले. नव्वदच्या दशकात मध्य-पश्चिम राज्यांत या संगीताला हळुवार वळण लागले.

कलाकार आणि संगीत
माइक किन्सेला (गायन, गिटार, बेस), स्टीव्ह होम्स (गिटार) आणि स्टीव्ह लेमोस (ड्रम, ट्रम्पेट) असे हे तिघे. किन्सेला त्याआधी 'कॅप्न जॅझ' या बँडमध्ये ड्रम वाजवीत. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत लावायच्या, दोन गिटारींनी सुटे सूर एकमेकांत गुंफायचे आणि खाली विषम मात्रांचा ठेका ठेवायचा, ही त्यांची पद्धत. शब्द थोडे. विषय मुख्यतः ताटातुटीचा. 'नेव्हर मेंट' हे अल्बममधील पहिले गाणे आज सर्वांत परिचित आहे.

शेवट आणि पुनरागमन
अल्बम सप्टेंबर १९९९ मध्ये पॉलिव्हिनिल कंपनीने काढला, तेव्हा शिक्षणाचे दिवस सरत आले होते आणि तिघांच्या वाटा वेगळ्या होत होत्या. भांडण नाही, गाजावाजा नाही. किन्सेला 'ओवेन' या नावाने एकटे गाऊ लागले, लेमोस पुढे विद्यापीठात लेखन शिकवू लागले. अल्बम मात्र एका श्रोत्याकडून दुसऱ्याकडे जात राहिला. अनेक नव्या बँडांनी तीच गिटारची धाटणी उचलली. २०१४ मध्ये तिघे पुन्हा एकत्र आले, माइक यांचे चुलतभाऊ नेट किन्सेला बेससाठी सामील झाले, आणि २०१६ व २०१९ मध्ये नवे अल्बम निघाले.

ते घर
पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर अर्बानातील एका साध्या लाकडी घराचा रात्रीचा फोटो आहे. वरच्या खिडकीत दिवा लागलेला. चाहते दुरून येऊन तेथे फोटो काढतात. २०२३ मध्ये बँड, पॉलिव्हिनिल आणि मूळ छायाचित्रकार क्रिस स्ट्राँग यांनी इतर काही जणांसह ते घर विकत घेऊन जपले.

कॉलेज संपले की गट विखुरतो, हे आपल्याकडील हौशी नाटक-गाण्याच्या मंडळींना सांगायला नको. या तिघांनाही ते टळले नाही. पण पांगण्यापूर्वी त्यांनी आपले काम नीट ध्वनिमुद्रित केले, म्हणून पंधरा वर्षांनी परतल्यावर त्यांची गाणी पाठ असलेले श्रोते त्यांना भेटले.