अंदमान : काळ्या पाण्यापासून सुट्टीच्या मुक्कामापर्यंत

अंदमानात मुलाबाळांसह चार-सहा दिवस मुक्काम करण्याची रीत फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथे जाणारा भारतीय माणूस बहुधा बदलीवर आलेला नोकरदार, सैनिक किंवा सरकारने जमीन देऊन वसवलेला निर्वासित असे. त्याआधीचे बहुतेक लोक बेड्या घालूनच उतरले. आजच्या पर्यटकाला जी बंदरे, रस्ते आणि गावे आयती मिळतात, ती या दोन्ही काळांतल्या लोकांच्या कष्टांतून उभी राहिली आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्चिबाल्ड ब्लेअरने १७८९ मध्ये चॅथम बेटाजवळ पहिली वसाहत केली. रोगराईमुळे ती १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना कैद्यांसाठी दूरची जागा हवी होती. मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर सुमारे २०० बंदी घेऊन पोहोचला आणि दंडवसाहत सुरू झाली. जंगल तोडणे, दलदल बुजवणे, धक्के आणि रस्ते बांधणे ही कामे कैद्यांनी केली. रॉस बेटावर अधिकाऱ्यांचे बंगले, चर्च आणि क्लब उभे राहिले तेही याच श्रमांतून.

उठावाची धग अवधात सर्वाधिक होती, त्यामुळे या पहिल्या बंदींमध्ये त्या भागातली माणसे होती. सीतापूरजवळच्या खैराबादचे विद्वान फजल-ए-हक खैराबादी त्यांपैकी एक. लखनौत १८५९ मध्ये त्यांच्यावर खटला चालला आणि त्यांना जन्मठेप झाली. उठावाची हकिकत त्यांनी बंदिवासात अरबीत लिहिली. १८६१ मध्ये त्यांचा तिथेच मृत्यू झाला. त्यांची कबर आजही पोर्ट ब्लेअरमध्ये आहे. पुढे काकोरीच्या रेल्वे लुटीचा खटलाही लखनौतच चालला आणि त्यात जन्मठेप झालेले क्रांतिकारक शचींद्रनाथ सान्याल दुसऱ्यांदा अंदमानात आले.

पोर्ट ब्लेअरमधल्या सेल्युलर जेल या तुरुंगाचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मधल्या मनोऱ्यापासून सात तिमजली इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या होत्या. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे दुसरीच्या पाठीकडे उघडत, म्हणजे समोर माणूस दिसण्याची सोय नाही. कोठडी सुमारे साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद, झरोका डोक्याच्या बराच वर. दाराची कडी बाहेर भिंतीतल्या खोबणीत जाऊन बसते. गजांतून हात कितीही लांबवला तरी तो तिथवर पोहोचत नाही. दिवसभराचे काम ठरलेले असे : नारळाच्या सोडणांचा काथ्या कुटणे किंवा कोलू ओढून तीस पौंड तेल काढणे.

महाराष्ट्राचा या तुरुंगाशी जडलेला संबंध मुख्यतः सावरकर बंधूंचा. गणेश ऊर्फ बाबाराव आधी गेले, विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी पोहोचले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाच्या प्रकरणातले वामन जोशीही तिथे होते. १९२१ मध्ये दोघा बंधूंना हिंदुस्थानातल्या तुरुंगांत हलवले. सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून मराठी घरांना या बेटांची ओळख झाली.

राजकीय कैद्यांच्या उपोषणानंतर १९३७-३८ मध्ये त्यांना परत पाठवण्यात आले. १९४१ च्या भूकंपाने रॉसचे मोठे नुकसान केले. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ बेटे जपानी ताब्यात राहिली. त्या काळात स्थानिक लोकांवर भयंकर अत्याचार झाले. तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. आवारातल्या काही जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे राहिले. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी उरलेली वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली.

स्वातंत्र्यानंतर पूर्व बंगालच्या निर्वासित कुटुंबांना बेटांवर जमिनी मिळाल्या. हॅवलॉक बेटावर गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी गावे वसली. भातशेती, सुपारी आणि मासेमारीवर जगणाऱ्या याच गावांच्या किनाऱ्यांवर पुढे पर्यटक आले. राहण्याची आधुनिक व्यवस्था आधी पोर्ट ब्लेअरमध्ये झाली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचे बे आयलंड हॉटेल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून झाले. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे मोकळे मजले, मोठी छपरे आणि स्थानिक पडौक लाकूड यांमुळे भिंतींऐवजी वाऱ्यावर भर देणारी इमारत तयार झाली. हॅवलॉकवर सरकारी डॉल्फिन रिसॉर्ट आणि खासगी झोपड्यांचे मुक्काम नंतर आले. २००४ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने राधानगरचा किनारा आशियातला सर्वोत्तम ठरवला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामीने बेटांना तडाखा दिला. सर्वाधिक हानी निकोबारात झाली.

मध्यमवर्गीय कुटुंबांची संख्या वाढण्याचे एक ठळक कारण सरकारी धोरण आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने रजा प्रवास सवलतीत मूळ गावाऐवजी अंदमानला जाण्याची आणि एरवी विमानाचा हक्क नसलेल्या कर्मचाऱ्यांनाही विमानाने जाण्याची मुभा दिली. बोटीने चेन्नईहून किंवा कोलकात्याहून तीन दिवसांच्या आसपास लागत. विमानाने तेच अंतर काही तासांचे झाले. मराठी सहल कंपन्यांच्या गटांचा क्रम आता रूढ आहे : पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम, मग रॉस, पुढे बोटीने हॅवलॉक आणि नील ही बेटे. आजी-आजोबा सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडतात आणि नातवंडे दुसऱ्या दिवशी प्रवाळावरचे मासे पाहतात.

नावेही बदलली आहेत. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉक स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप आणि रॉस नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. पोर्ट ब्लेअरला २०२४ मध्ये श्री विजयपुरम हे नाव मिळाले; विमानतळ आधीपासून वीर सावरकरांच्या नावाचा आहे.

या बेटांच्या मूळ रहिवाशांना मात्र पर्यटनाच्या वाटेपासून दूर ठेवणे गरजेचे आहे. ग्रेट अंदमानी लोकांची संख्या दंडवसाहतीच्या काळात बाहेरून आलेल्या रोगांमुळे कमालीची घटली. १९५६ च्या संरक्षण नियमांनुसार जारवा आणि सेंटिनली लोकांच्या राखीव क्षेत्रात परवानगीविना जाता येत नाही, आणि जारवांचे फोटो काढणे गुन्हा आहे. समुद्राचा आनंद घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे नियम मनापासून पाळणे, हा त्या मुक्कामाचाच एक भाग आहे.