पाळीव सापाच्या पेटीचे तापमान किती असावे?

साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करू शकत नाही. ऊब हवी असेल तर तो उन्हात किंवा तापलेल्या जागेवर जातो, अंग तापले की सावलीत सरकतो. पेटीत ठेवलेल्या सापाला ही मुभा आपणच द्यावी लागते. म्हणूनच 'पेटीचे तापमान किती?' या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. पेटीचे एक टोक गरम आणि दुसरे थंड असावे लागते.

जगभर मोठ्या प्रमाणावर पाळल्या जाणाऱ्या 'बॉल पायथन' या सापाचे उदाहरण घेऊ. घाबरला की तो अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून हे नाव. तो मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशांतला. तिथे तो दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत राहतो.

बॉल पायथनसाठी तापमान

- गरम टोकाचा पृष्ठभाग : ३१ ते ३३ अंश सेल्सिअस
- थंड टोक : २४ ते २७ अंश सेल्सिअस
- रात्री : २४ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये

प्रत्येक जातीची गरज वेगळी असते. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकला यापेक्षा थोडे कमी तापमान मानवते. त्यामुळे आधी साप नेमका कोणत्या जातीचा आहे ते पाहावे.

तापमान चुकले तर काय होते?

पेटी थंड असेल तर पचन मंदावते. गिळलेला उंदीर पोटातच सडू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. प्रतिकारशक्तीही कमी होते. मग श्वास घेताना घरघर, तोंडाशी फेस किंवा बुडबुडे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे दिसू लागतात.

पेटी फार गरम असेल तर धोका अधिक लवकर येतो. पळायला थंड जागाच नसेल तर साप उष्णतेने मरू शकतो. शिवाय पोटाखालची जागा भाजण्याइतकी तापली तरी साप अनेकदा तिथून हलत नाही. बाजारात मिळणारे विजेवर तापणारे दगड त्यामुळेच टाळावेत.

थर्मोस्टॅट का हवा?

हीट मॅट किंवा सिरॅमिक हीटर नुसता प्लगला जोडला तर तो तापतच राहतो. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज कमी करतो किंवा तोडतो. पेटीतल्या सामानात पैसे वाचवायचेच असतील तर सजावटीत वाचवा, यात नको.

हीट मॅट पेटीच्या तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली, एकाच टोकाला असावी. थर्मोस्टॅटची तार जिथे सर्वांत जास्त उष्णता असते तिथे लावा. वर भुसा अंथरला असेल तरी साप तो उकरून थेट काचेपर्यंत पोहोचतो, हे लक्षात घ्या. दिवा किंवा सिरॅमिक हीटर पेटीच्या आत असेल तर त्याला जाळी हवीच, नाहीतर साप त्याला विळखा घालतो.

मोजायचे कसे?

काचेला चिकटवायच्या गोल तबकड्यांवर विसंबू नका. त्या काचेजवळच्या हवेचे तापमान दाखवतात, साप बसतो तिथले नाही. दोन्ही टोकांना तार असलेले डिजिटल थर्मामीटर ठेवा. पृष्ठभाग तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी पडतो. साप घरी आणण्यापूर्वी पेटी दोन दिवस रिकामी चालवून दिवसाचे आणि रात्रीचे आकडे लिहून ठेवा.

दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. बॉल पायथन भित्रा असतो. आडोसा फक्त थंड टोकाला असेल तर ऊब हवी असतानाही तो तिथेच दडून राहतो. उलट, तो सतत एकाच टोकाला पडून राहत असेल तर आधी दुसऱ्या टोकाचे तापमान मोजा.

महाराष्ट्रातला उन्हाळा

थर्मोस्टॅट उष्णता बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अडचण ऊब देण्याची नसून गारव्याची असते. पेटी उन्हात, खिडकीपाशी किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. खोली थंड राहील याची सोय करा. काचेच्या पेटीवर थेट ऊन आले तर थोड्याच वेळात ती भट्टी होते.

कायदा काय सांगतो?

नाग, धामण, घोणस, अजगर असे आपल्याकडचे साप पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. घरात साप निघाला तर वनविभागाला किंवा सर्पमित्राला बोलवा. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराखाली येतो. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर असा प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकत घेण्याआधी कागदपत्रे तपासा.

साप घास उलटून टाकत असेल, घरघर ऐकू येत असेल किंवा पोटावर लालसर डाग दिसत असतील तर आधी पेटीचे तापमान मोजा. मग तो आकडा घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांकडे जा. पेटीत किती अंश होते, हे त्यांना नक्की सांगा.