गोल पाठीच्या घोड्यावर खोगीर का फिरतं? आणि नीट बसणारं खोगीर कसं ओळखायचं?

चाकणजवळचं निघोजे बाहेरच्या लोकांना फोक्सवॅगनच्या कारखान्यामुळे माहीत आहे. पण हे गाव खेड तालुक्यातलं आहे आणि खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्याची आणखी एक ओळख म्हणजे बैलगाडा शर्यत. इथल्या घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अंतरिम परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. शर्यती परत आल्या, तशी दावणीच्या घोडीची गरजही परत आली.

घाटात काही सेकंद घोडी पळवणं वेगळं आणि रोज रपेट मारणं, मुलांना घोडेस्वारी शिकवणं किंवा वरातीत तासभर घोडी चालवणं वेगळं. तिथे खोगीर लागतं. घोडी अंगाने भरलेली, पाठीने रुंद आणि गोल असेल, तर नेमकं तिथेच घोडं अडतं.

गोल पाठ म्हणजे नेमकं काय?

घोड्याची मान संपते आणि पाठ सुरू होते तिथे एक उंचवटा असतो. त्याला विदर्स म्हणतात. खोगीर डावी-उजवीकडे घसरू न देण्याचं मोठं काम हा उंचवटा करतो. रेसकोर्सवरच्या थरोब्रेड घोड्यांमध्ये तो सहसा उंच आणि स्पष्ट दिसतो. अशा घोड्याची पाठ समोरून इंग्रजी 'ए' अक्षरासारखी, उतरत्या छपरासारखी असते.

गोल पाठीच्या घोड्यात हा उंचवटा जवळपास सपाट असतो. फासळ्या बाहेर फुगलेल्या असतात आणि पाठीचा आकार उलट्या 'यू'सारखा, पिंपासारखा दिसतो. पिंपावर छप्पर ठेवलं तर ते दोन कडांवरच टेकणार. गोल पाठीवर अरुंद खोगीर ठेवलं की हेच होतं.

मग सगळे काय करतात? आणि ते का चुकतं?

पहिला उपाय म्हणजे तंग आणखी आवळणं. त्याने खोगीर थांबत नाही. ज्या दोन कडांवर ते टेकलंय, त्या कडा मात्र मांसात जास्त रुततात.

दुसरा उपाय म्हणजे खाली जाड घोंगडी किंवा आणखी एक पॅड घालणं. बूट घट्ट होत असताना जाड मोजे घालण्यातला हा प्रकार. खोगीर आणखी वर उचललं जातं आणि आणखी सहज फिरतं.

खोगीर फिरलं की स्वार घोड्याच्या बाजूला किंवा थेट पोटाखाली जातो. पाय रिकिबीत अडकलेला असेल तर फरफट होते. डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या वर्दळीत हा अपघात जिवावर बेतू शकतो.

रुंदी बघायची की आकार?

दोन्ही. रुंद खोगीर घेऊनही काम न होण्याचं कारण इथे आहे. इंग्लिश पद्धतीच्या खोगिरात आत एक कडक सांगाडा असतो, त्याला 'ट्री' म्हणतात. हा सांगाडा 'ए' आकाराचा असेल, तर तो कितीही रुंद घेतला तरी गोल पाठीला सगळीकडे सारखा टेकत नाही. अशा घोड्यांसाठी वरून गोलाई असलेला सांगाडा मिळतो. त्याला 'हूप ट्री' म्हणतात.

सोबत या गोष्टी बघाव्यात:

• खालच्या गाद्या फार फुगीर नसाव्यात. सपाट गादी वजन जास्त जागेवर पसरवते.
• दोन गाद्यांमधली फट पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं तरी रुंद हवी. मणक्यावर काहीच टेकता कामा नये.
• खोगीर शेवटच्या फासळीच्या मागे जाऊ नये. आखूड पाठीच्या टट्टूला मोठ्या मापाचं खोगीर लांबीलाच बाद होतं.
• 'रुंद हवं' म्हणून वाटेल तेवढं रुंदही घेऊ नये. मग पुढचा भाग खाली बसतो आणि विदर्सवर दाब येतो.

आपल्याकडचं पारंपरिक मऊ खोगीर, म्हणजे कापूस-चिंध्या भरलेली गादी, गोल पाठीला छान लपेटतं. 'खोगीरभरती' हा शब्द आला तो या भरावावरूनच. पण आत सांगाडा नसल्यामुळे वजन नीट पसरत नाही. त्यात रिकीब अडकवली की दाब एका पट्टीत येतो. थोड्या वेळासाठी चालेल, रोजच्या लांब रपेटीसाठी नाही.

माप घरी कसं घ्यायचं?

वाकवला की तसाच राहणारा जाड वायर किंवा ड्रॉइंगच्या दुकानातली लवचिक पट्टी घ्या. घोडं सपाट जागेवर, चारही पाय सरळ ठेवून उभं करा. तीन ठिकाणी पट्टी आडवी दाबून आकार घ्या: खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटांवर, पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या फासळीजवळ. प्रत्येक आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापा. हे पुठ्ठे घेऊन दुकानात जा, किंवा फोटो आणि मापं कारागिराला पाठवा. खोगिराच्या व्यवसायासाठी कानपूर देशात प्रसिद्ध आहे आणि तिथला माल परदेशातही जातो. ऑर्डर देताना फक्त 'वाइड' असं न लिहिता आकार पाठवलेला बरा.

खोगीर आलं की आधी पॅडशिवाय ठेवून बघा. पुढचा भाग वर उचललेला दिसला तर ते अरुंद आहे. मधे हात सहज जातो आणि फक्त पुढे-मागे टेकतंय, तर तेही चुकीचं. अर्धा तास फिरवून खोगीर काढा. सगळीकडे घाम आणि मधेच कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब जास्त असण्याची शक्यता आहे. खोगिराखाली नव्याने उगवलेले पांढरे केस बहुतेक वेळा जुन्या दाबाची खूण असतात.

बसणारं खोगीरही सरकलं तर?

मोठ्या पोटाच्या घोड्यात तंग पुढे ढकलला जातो आणि खोगीर खांद्यावर चढतं. अशा वेळी पुढे वळणदार आकार असलेला तंग उपयोगी पडतो. शेपटीखालून जाणारी दुमची लावली तर खोगीर पुढे सरकत नाही. चढताना जमिनीवरून लटकून चढू नका. ओटा किंवा भक्कम स्टूल वापरा.

घोडं रुंद आहे की लठ्ठ?

खरेदीआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. फासळ्यांवर हात फिरवा. हलक्या दाबाने त्या लागल्या तर ठीक. दाबूनही लागत नसतील आणि मानेवर कडक चरबी असेल, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. लठ्ठ घोड्यांना लॅमिनायटिस हा खुरांचा वेदनादायी आजार होण्याचा धोका असतो. शिवाय घोडं बारीक झालं की महागडं खोगीर सैल होतं. म्हणून मापं दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासा.

वजनाचा अंदाजही काढता येतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले 11,880. मापं सेंटीमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर 150 आणि लांबी 130 असेल तर वजन साधारण 246 किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे या टट्टूवर 37 ते 49 किलो. खोगीर कितीही उत्तम असलं, तरी 75 किलोच्या माणसाने त्यावर बसू नये.

पाठीवर जखम असेल तर?

खोगीर घालायचं नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातलं कलम 11 सांगतं, की जखम किंवा आजारामुळे कामाला अयोग्य असलेल्या जनावराला कामाला लावणं हा गुन्हा आहे. लग्नाची तारीख ठरलेली असो वा यात्रेची, पाठ बरी होईपर्यंत घोडी दावणीलाच राहायला हवी.