नामनिर्देशित आकृतीची कुळकथा

शालान्त परीक्षेच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ ही आज्ञा इतक्या नियमाने येते की, त्या आकृतीलाही काही कूळ असेल, ही कल्पना घाटकोपर-मुलुंडच्या विद्यार्थ्याला सहसा शिवत नाही.

1543 साली बाझल येथे प्रसिद्ध झालेल्या वेसालियसच्या शारीरग्रंथात अस्थी-स्नायूंच्या चित्रांवर बारीक अक्षरे घातलेली असून त्यांचा खुलासा मजकुरात दिलेला होता. पुढे 1658 साली न्यूरेंबर्गला निघालेल्या कोमेनियसच्या सचित्र पुस्तकाने हीच युक्ती मुलांसाठी योजली. चित्रातल्या वस्तूवर जो अंक, तोच शेजारच्या लॅटिन आणि जर्मन शब्दावर. आकृती आणि नाव यांची सोयरीक अशी जमली खरी, परंतु मध्ये आकड्याचा मध्यस्थ राहिलाच.

या मध्यस्थावाचून चालणारी एक आकृती आपल्या घरांतील जुन्या दफ्तरांत होती, ती म्हणजे जन्मकुंडली. फलज्योतिषावर विश्वास असो वा नसो, ग्रहाचे आद्याक्षर ज्या त्या स्थानातच लिहिण्याची तिची रचना मला निर्दोष वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत शिळाप्रेस रुजला आणि 1831 साली गणपत कृष्णाजींनी त्यावर मराठी पंचांग छापले, तेव्हा या रीतीला छपाईचेही साहाय्य मिळाले. कारण खिळ्यांच्या छपाईत आकृतीचा ठोकळा निराळा आणि मजकुराची जुळणी निराळी असे, तर शिळेसाठी एकच हात एकाच शाईने रेषाही ओढी आणि अक्षरही काढी.

आज अंधेरी-बोरिवलीच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारे पातळ तक्ते पाहावेत. पुढच्या बाजूस हृदय, फुप्फुसे, पचनसंस्था ठळक रंगांत असतात आणि तपशील पुष्कळदा पाठीमागे छापलेला असतो. मूल चित्र कापून प्रकल्पाच्या वहीत डिंकाने चिकटवते, आणि त्याच क्षणी तो सारा तपशील कायमचा झाकला जातो. कुळातील जुना दोष येथे पराकोटीला पोहोचला आहे.

लार्किन आणि सायमन या संशोधकांनी 1987 साली दाखवून दिले की, आकृतीचे सामर्थ्य तिच्या देखणेपणात नसून, ज्या गोष्टींचा एकत्र विचार करावयाचा त्या एकाच ठिकाणी मांडल्या गेल्यामुळे शोधाशोध वाचते, यात आहे. नाव दूर गेले की ही बचत संपते, कारण नजर चित्र आणि सूची यांमध्ये हेलपाटे घालते आणि स्मरणासाठी लागणारे बळ त्यातच खर्ची पडते. म्हणून मजकूर गौण ठरतो असे मात्र मुळीच नव्हे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली स्थापन केलेल्या आणि आज मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुळकर्णी व त्यांचे सहकारी यांनी पाठांची बोजड भाषा सोपी केली, तेव्हा मुलांचे आकलन स्पष्टपणे सुधारले. याच केंद्रात जयश्री रामदास यांनी मुले स्वतः काढतात त्या चित्रांचा आणि आकृत्यांचा चिकित्सक अभ्यास केला.

हृदयात डावीकडचे निलय कोणते, हे तक्त्यावर बोट ठेवून सांगणारे मूल कोऱ्या कागदावर ते दाखवू शकेलच असे नाही. तेव्हा तक्ते छापणाऱ्यांस विनंती अशी की, नावे भागांच्या लगत छापावीत आणि माहितीस पुढच्याच बाजूला जागा द्यावी. आणि पालकांनी तक्ता मिटवून मुलाला आकृती स्वतः काढावयास लावावी, नावे घालावयास सांगावीत आणि मगच तक्ता उघडून पडताळा घ्यावा.