पोटगी-असहकार आणि अनुदानकपात

अपत्याच्या पोटगीसाठी दुसऱ्या पालकाचे नाव-पत्ता सांगण्यास किंवा त्याच्याविरुद्ध मागणी करण्यास नकार देणाऱ्या पालकाचे सरकारी अनुदान कापणे. असा पालक बहुधा मूल सांभाळणारी आई असते. सरकारने दिलेले अनुदान बापाकडून वसूल व्हावे, हा या कपातीमागचा हिशेब.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या अपत्य-पोटगी कायद्याने ही कपात आणली. अंमल १९९३ पासून. आईच्या वैयक्तिक भत्त्यातून आरंभी सहा महिने २० टक्के, पुढे वर्षभर १० टक्के रक्कम कापली जाई. १९९६ मध्ये ती ४० टक्के व तीन वर्षांपर्यंत झाली. नाव सांगितल्यास आईला वा मुलाला इजेचा धोका असेल तर सवलत होती. मात्र मारहाणीला भिणाऱ्या बाईने ती भीती अधिकाऱ्यासमोर पटवून द्यायची, हा या व्यवस्थेतला सर्वांत गंभीर दोष. शिवाय भत्ता आईचा कापला तरी ताटातले मुलाचेच कमी होते. २००८ मध्ये कपात रद्द झाली.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानुसार किमान २५ टक्के कपात आहे.

महाराष्ट्रात दिशा नेमकी उलट आहे. १९८० च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटित आणि घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या, पण पोटगी न मिळणाऱ्या किंवा ठरलेल्या उत्पन्नमर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणाऱ्या स्त्रिया पात्र ठरतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. दरमहा मदत २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा मात्र फार तोकडी आहे. मोलमजुरी करणारी आईही ती सहज ओलांडते.

भारतीय कायद्यात दंड पोटगी चुकवणाऱ्यावर पडतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे पोटगीबाबतचे कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) उत्तर प्रदेश असो वा महाराष्ट्र, सारखेच लागू होते. केंद्रीय कायद्यात २००१ पर्यंत पोटगीला दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. रक्कम थकल्यास वसुलीचे वॉरंट निघते, त्यानंतरही न भरल्यास महिनाभरापर्यंत कैद होते. कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मिळकत व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचे ठरवले. पोटगीच्या दिवाणी हुकुमासाठी पगारावर जप्ती आल्यास एक-तृतीयांश पगारच सुरक्षित राहतो. त्यामुळे रेल्वेसारख्या पक्क्या नोकरीतल्या बापाकडून वसुली तुलनेने सोपी जाते. कलम १४४ खालील वॉरंटासाठी मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.